त्याग कोणाच्या जागेचा?

साधेपणा, अपरिग्रह, त्याग हे शब्द आपल्या वाचनात रोज येतात. या संकेतस्थळासाठी अनुवादाची सेवा करताना मला तर ते दिवसातून चार-पाच वेळा टाइप करावे लागतात. पण हेच शब्द घराच्या नकाशावर ठेवून पाहिले तर काय होते, याचा विचार आपण फारसा करत नाही. घर म्हणजे व्यवहार, नकाशा म्हणजे इंजिनिअरचे काम आणि अध्यात्म सत्संगात, अशी आपण सोयीची वाटणी करून ठेवलेली असते. मला ही वाटणी थोडी मोडून पाहायची आहे. बेताच्या पैशात कुटुंबासाठी नवे घर बांधायचे ठरले की सगळ्यांना सगळे मिळत नाही. कुणाचे तरी कमी करावे लागते. ते कुणाचे, हे कोण ठरवते? आणि ज्याचे कमी झाले त्याच्या त्यागाचे आपण कौतुक करतो, तेव्हा आपण नेमके काय करत असतो?

उदाहरण घरचेच घेते. आम्ही इंदूरचे. शहराच्या बाहेरच्या अंगाला काकांनी काही वर्षांपूर्वी प्लॉट घेतला होता, २० फूट रुंद आणि ४० फूट लांब. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती. पुढची-मागची मोकळी जागा सोडली की तळमजल्यावर बांधायला साधारण ६०० चौरस फूट उरतात. राहणारी माणसे पाच: काका, काकू, बारावीतली ताई, आठवीतला दादू आणि आजी. मी कॉमर्सच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे "हिशेब तू बघ" असे सांगून खर्चाची वही माझ्याकडे आली. नकाशाचे वाद त्या वहीसोबत आपोआप आले.

आधी पैशाचे सांगते, कारण पैसा हाताशी धरला नाही तर बाकीची चर्चा हवेत राहते. ठेकेदाराने १,८०० रुपये चौरस फुटाचा भाव दिला. म्हणजे ६०० फुटांचे १० लाख ८० हजार. त्यात माळव्याची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खोल न्यावा लागतो आणि एक विटही दिसण्याआधी बराच पैसा जमिनीखाली जातो. कर्ज १० लाखांचे. साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता ८,६८०च्या आसपास येतो आणि फेडून होईपर्यंत बँकेला २० लाख ८३ हजार दिलेले असतात. याच हिशेबाने १० बाय १०ची एक जास्तीची खोली आज १ लाख ८० हजारांची दिसते, पण ती कर्जातून बांधली तर २० वर्षांत पावणेचार लाखांची होते.

हा आकडा मी सगळ्यांना दाखवला, कारण प्रत्येक वादात शेवटी कुणीतरी म्हणायचे, "मग एक खोली वाढवून टाकू." वाढवून प्रश्न सुटत असता तर तो नीतीचा प्रश्न राहिलाच नसता. भिंत एका बाजूला सरकवली की दुसऱ्या बाजूची जागा कमी होते. त्या दुसऱ्या बाजूला घरातलेच कुणीतरी असते.

पहिला नकाशा आला त्यात दर्शनी भागात १२ बाय १५चा हॉल होता, म्हणजे १८० चौरस फूट. काका-काकूंची खोली १० बाय ११. स्वयंपाकघर ७ बाय ८, म्हणजे ५६ चौरस फूट. मुलांची पुढे-मागे वरच्या मजल्यावर सोय. आणि आजीसाठी जिन्यालगतच्या बोळात एक पलंग. नकाशावाल्याने तिथे 'खोली' असे लिहिलेही नव्हते, नुसता पलंगाचा चौकोन काढला होता. त्याला दार नव्हते.

इथे अनुवादकाची एक खोड सांगते. इंग्रजी लेखात 'लिव्हिंग रूम' हा शब्द आला की मी अडते. दिवाणखाना म्हणावे तर सरदारांचा वाडा डोळ्यांपुढे येतो, बैठकीची खोली म्हणावे तर जुने वाटते, आणि सरळ अर्थ घ्यावा तर ती 'जगण्याची खोली' होते. आपल्या बहुतेक घरांत नेमकी हीच खोली कुणी जगत नाही अशी असते. सोफ्यावर चादर, शोकेसमध्ये न वापरायचे कप, आणि मुलांना ताकीद की पाहुणे येणार आहेत, तिथे पसारा नको. घरातली सर्वांत मोठी, सर्वांत उजेडाची आणि रस्त्याकडची हवा मिळणारी जागा आपण बाहेरच्या नजरेसाठी राखून ठेवतो.

याला कुणी म्हणेल, अतिथीला देव मानणारी आपली परंपरा आहे, त्याच्यासाठी चांगली जागा नको का? हवीच. गृहस्थाला सांगितलेल्या पाच यज्ञांत अतिथीचा सत्कार हा एक यज्ञच आहे. पण त्यात अतिथी म्हणजे उपाशी आलेला, थकलेला, रात्रीचा आसरा मागणारा माणूस. त्याला चार घास आणि पाठ टेकायला जागा लागते, १८० चौरस फूट लागत नाहीत. आपला हॉल ज्याच्यासाठी असतो तो बहुतेक वेळा अतिथी नसून प्रेक्षक असतो. आपले किती चांगले चालले आहे हे त्याने पाहावे, एवढेच त्याचे काम. या प्रेक्षकासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोळात झोपवणे कोणत्या यज्ञात बसते, मला कळत नाही.

जुन्या घरांच्या आठवणी काढून हळहळण्याचा मात्र माझा विचार नाही. ओटी, पडवी, माजघर या शब्दांना गोडवा आहे, पण माजघर बहुधा अंधारे असे आणि बायकांचा दिवस तिथे आणि मागच्या चुलीपाशी जाई. ओटीवरची हवा पुरुषांची आणि आल्यागेल्याची. म्हणजे हॉलचा प्रश्न काही आजचा नाही, त्याला टाइल्स नव्या बसल्या आहेत इतकेच.

आता मुख्य अडचणीकडे येते. आजीला विचारले होते. काकांनी स्वतः विचारले होते, "आई, तुला कुठे चालेल?" आणि आजी म्हणाली होती, "मला काय, कुठंही चालेल. माझे किती दिवस राहिले आता." या उत्तरावर नकाशा तयार झाला. घरात सगळ्यांनी तिचे कौतुक केले. काकूच्या डोळ्यांत पाणी आले. तिची वृत्ती किती निवृत्त आहे, आपण हे शिकले पाहिजे, असे बोलणे झाले. कुणाच्याही मनात कपट नव्हते, हे मी खात्रीने सांगते. म्हणून तर प्रश्न अवघड आहे.

आजी ४० वर्षे नामस्मरण करते. तिचे ते वाक्य खरोखर वैराग्यातून आले असेल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण तेच वाक्य सवयीतूनही येऊ शकते. लग्न होऊन आल्यापासून ज्या बाईला तिची पसंती कुणी विचारली नाही, ती पसंती सांगायचीच विसरते. अर्थशास्त्राच्या अभ्यासात अमर्त्य सेन यांचा एक मुद्दा आम्हाला आहे: दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या इच्छाच परिस्थितीएवढ्या लहान करून घेतात, म्हणून "मी समाधानी आहे" या त्यांच्या उत्तरावरून त्यांचे ठीक चालले आहे असे धरता येत नाही. मग बाहेरून सारखे दिसणारे हे दोन प्रकार ओळखायचे कसे?

मला एक साधी कसोटी सुचते. त्याग करायला आधी ती गोष्ट आपल्या हातात असावी लागते. बोळात झोपण्याला आजीचा त्याग म्हणायचा असेल, तर समोरची खोली तिची होऊ शकत होती आणि तिने ती सोडली, असे घडायला हवे. तसे घडले नव्हते. खोली तिच्यापुढे कुणी ठेवलीच नव्हती. तिने उलट उत्तर दिले असते, "मला समोरची खोली हवी," तर आपण ते त्याच आदराने ऐकले असते का? ऐकले नसते असे मनात आले, तर तिच्या होकाराला आपण जे वजन दिले तेही काढून घ्यायला हवे.

आणि दुसरे असे की, घरात ज्याच्या हातात ठरवणे आहे त्याचा त्याग आपण मोजत नाही. काकांच्या १० बाय ११च्या खोलीवर चर्चाच झाली नव्हती. कार उद्या घेऊ तेव्हा लागेल म्हणून समोर ठेवलेल्या जागेवरही नाही. अपरिग्रहाचे व्रत घरात आले ते थेट सर्वांत मऊ माणसाच्या वाट्याला गेले. हे आमच्याच घरात होते असे नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी साधेपणा म्हणजे सुनेने मिक्सर मागू नये आणि म्हाताऱ्यांनी वेगळी खोली मागू नये, इतकाच उरलेला असतो.

काकांची बाजू मी सोपी करून मांडणार नाही, कारण त्यांचा मुद्दा वजनदार होता. त्यांच्याकडे दर गुरुवारी सत्संग असतो. २५ माणसे येतात, कधी ३०. भाड्याच्या घरात दाटीवाटीने, दाराबाहेर चपलांवर पाय ठेवून लोक बसतात. "मोठा हॉल मी दिखाव्यासाठी मागत नाहीये," ते म्हणाले. "इतकी वर्षं मनात आहे की स्वतःचं घर झालं की गुरुवारी सगळ्यांना नीट बसता यावं." हे खरे आहे. मला त्यावर लगेच उत्तर देता आले नाही. एका बाजूला ३० जणांची साधना आणि दुसऱ्या बाजूला एका माणसाचे दार. संख्येने पाहिले तर निकाल कुठे लागतो ते उघड आहे.

मी वहीत तासांचा एक तक्ता केला. हे काही संशोधन नव्हे, चार-पाच दिवस पाहून धरलेला अंदाज. आजी दिवसाचे बावीस-तेवीस तास घरात. काकू स्वयंपाकघरात पाच ते सहा तास. ताई रात्री साडेअकरापर्यंत अभ्यासाला. काका बाहेरून येऊन जेवून झोपेपर्यंत तीन-साडेतीन तास जागे. आणि सत्संग आठवड्यातून दीड तास. या हिशेबाने निकाल बरोबर उलटा लागतो.

पण तासांनीही सगळे ठरत नाही. देवघर दिवसात पंधरा-वीस मिनिटे वापरले जाते, म्हणून ते काढून तिथे कपाट करा असे आपण म्हणणार नाही. पाहुणा क्वचित येतो म्हणून त्याला दारात उभे करणार नाही. माझ्या मते पाहायचे ते असे, की ही जागा गेली तर त्या माणसाची भरपाई दुसरीकडे होऊ शकते का. सत्संगाला जागा लागते, पण ती आठवड्यातून दीड तास आणि ती ओटल्यावर, गच्चीवर, दोन खोल्या मिळून अशीही होऊ शकते. आजीला रात्री कपडे बदलताना, औषध लावताना, कधी रडू आले तर रडताना जे दार लागते, त्याला दुसरा पर्याय नाही. बोळातून येता-जाता प्रत्येकजण तिच्या पलंगाजवळून जाणार, आणि ती "कुठंही चालेल" म्हणत पदर सावरणार.

या सुमारास मी सेवाग्रामच्या बापूकुटीबद्दल वाचत होते. गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या त्या खेड्यात राहायला गेले. माती, बांबू, लाकूड, कौले असे तिथलेच सामान वापरून ही घरे उभी राहिली आणि बांधकाम मीराबेन यांनी पाहिले. साधेपणाचे उदाहरण म्हणून आपण ही कुटी नेहमी सांगतो. पण तिच्या मांडणीकडे कमी लक्ष देतो. इव्हान इलिच हे विचारवंत १९७८ मध्ये सेवाग्रामला आले होते आणि त्या कुटीत बसून त्यांनी तिच्यातल्या जागा मोजल्या होत्या. त्यांना सात प्रकारच्या जागा दिसल्या: पायताण काढण्याची, मधली सगळ्यांनी बसण्याची, गांधीजींची स्वतःची, पाहुण्याची, आजाऱ्याची, मोकळा व्हरांडा आणि प्रशस्त न्हाणीघर. एवढ्याशा घरात आजाऱ्यासाठी वेगळी जागा आहे. कमी वस्तू, कमी खर्च, पण दुबळ्या माणसाची जागा कमी केलेली नाही. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री आश्रमात आले, तेव्हा त्यांना जवळच कुटी दिली गेली आणि त्यांच्या अंगाला मालीश गांधीजी स्वतः करत. साधेपणाची सुरुवात कुणापासून करायची, हे त्या आवारात फिरले की दिसते.

आमच्या इंदूरकडेही या विषयावर दाखवण्यासारखे काही आहे, आणि आम्हा इंदूरकरांनाच ते फार माहीत नसते. बाळकृष्ण दोशी यांनी आखलेली अरण्य वसाहत. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठीच्या या वसाहतीला १९९५ मध्ये आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला आणि दोशी यांना पुढे २०१८ मध्ये प्रिट्झकर पुरस्कार. तिथले सर्वांत लहान प्लॉट ३५ चौरस मीटरचे. सगळ्यात गरीब कुटुंबाला पूर्ण घर बांधून देण्याऐवजी जोते, पाणी-संडासाची सोय आणि वाढवता येईल असा गाभा द्यायचा आणि पुढचे घर त्या कुटुंबाने ऐपत येईल तसे वाढवायचे, अशी कल्पना. घरापुढे ओटला, वर जायला जिना, गच्ची. यातून घेण्यासारखी गोष्ट अशी, की आज काय बांधायचे आणि उद्यासाठी काय मोकळे ठेवायचे याचा क्रम लावता येतो. गाभा आधी. मिरवायचे ते नंतर, किंवा कधीच नाही.

सरकारी मोजमापांतही एक शहाणपण आहे. ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचे हवे, आणि त्यात स्वच्छ स्वयंपाकाची जागा धरलेली असते. म्हणजे २७० चौरस फुटांच्या घरातही स्वयंपाक करणारीची जागा आधी मोजली जाते. आमच्या ६०० फुटांत ती ५६वर आली होती.

स्वयंपाकघरावर थोडे थांबते, कारण तिथे 'कुठेही चालेल' म्हणणारी दुसरी व्यक्ती उभी असते. काकूची उंची चार फूट दहा इंच. मिस्त्री सवयीने पावणेतीन फुटांवर ओटा घालतात. भाड्याच्या घरात ती १७ वर्षे खांदे उचलून पोळ्या लाटते आहे आणि खांदा दुखतो म्हणून तेल लावते आहे. नवीन ओटा किती उंचीचा हवा, हे तिला कुणी विचारले नव्हते. ग्रॅनाइट काळे की हिरवे, हे मात्र विचारले होते. तिला पिठाच्या परातीपाशी उभे केले आणि कोपरापासून खाली मोजले, तर आकडा अडीच फुटांच्या किंचित वर आला. या बदलाला एक रुपयाही जास्त लागत नाही. खर्चाच्या वहीत त्याची नोंदही होत नाही, पण पुढची वीस वर्षे तिचा खांदा त्यावर अवलंबून आहे.

वास्तुशास्त्राचा विषय घरोघरी निघतो, आमच्याकडेही निघाला. आग्नेयेला स्वयंपाक, ईशान्येला देव. कोवळे ऊन स्वयंपाकघरात यावे यात वावगे काही नाही, जमेल तिथे जमवावे. पण दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या २० फुटी प्लॉटवर दिशा हव्या तशा मिळत नाहीत. ओळखीच्या एका कुटुंबाने बांधलेला जिना दिशेसाठी पाडून पुन्हा बांधला आणि त्यात गेलेल्या पैशांमुळे स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट आणि दुसरी खिडकी राहून गेली. घरात रोज धूर कोंडतो. भीतीपोटी केलेला खर्च श्रद्धेच्या खात्यावर टाकू नये, एवढेच मी म्हणेन.

शेवटी नकाशा बदलला तो वादाने नाही, प्रश्न बदलल्यामुळे. काका आजीला "कुठे चालेल?" असे विचारत होते. ताईने तिला वेगळे विचारले: रात्री किती वेळा उठतेस? उठल्यावर हात कशाला धरतेस? सकाळी डोळे उघडले की समोर काय दिसावंसं वाटतं? आजीने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सरळ दिली. तीनदा उठते, आणि भिंतीला धरते. तिसऱ्यावर बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "रस्ता."

हे आम्हा कुणालाच अपेक्षित नव्हते. मी आणि ताईने तोपर्यंत तिच्यासाठी मागची शांत खोली मनात ठरवून टाकली होती, जप करायला बरी म्हणून. तिला शांतता नको होती. तिला दूधवाला, शाळेची रिक्षा, भाजीची गाडी, येणारे-जाणारे हवे होते. दिवसभर घरात बसणाऱ्या माणसाला जग तेवढेच उरते. म्हणजे बोळात टाकणारे काका आणि मागच्या खोलीत बसवणाऱ्या आम्ही, दोघांनीही तिच्या वतीने ठरवलेच होते.

मग दर्शनी भागात, जिथे हॉल होता तिथे, आजीची ९ बाय १०ची खोली आली. तिच्या मागे १० बाय ११चा हॉल. दोन्हींच्या मध्ये भिंतीऐवजी रुंद दुपाखी दार. गुरुवारी दार पूर्ण उघडले की दोन्ही मिळून २०० चौरस फूट होतात, पहिल्या हॉलपेक्षा २० जास्त. उरलेले लोक समोरच्या ओटल्यावर बसतील. आजी पलंगावरून सत्संगात असेल. त्या दाराला कडी आतून आहे, आजीच्या बाजूने, आणि ती लावायची की नाही हे तिच्याकडे. जिना दारासमोरून थेट वर नेला, म्हणजे वरचा मजला कधी झाला आणि हप्त्यासाठी भाड्याने द्यावा लागला तर भाडेकरू घरातून जाणार नाही. संडास-न्हाणीघर आजीच्या खोलीला लागून, तीन फुटी दाराचे, उंबरठा न घालता, भिंतीला धरायला दांडी. मध्यात ४ बाय ५चा मोकळा चौक सोडला. ते २० चौरस फूट फुकट जातात असे ठेकेदार अजून म्हणतो, पण दोन्ही बाजू बंद असलेल्या घरात मधल्या हॉलला आणि स्वयंपाकघराला उजेड दुसरीकडून येणार नाही. स्वयंपाकघर ७२ फुटांचे झाले.

हे सगळे कुठून आले? काका-काकूंची खोली ११० वरून ८० चौरस फुटांवर आली आणि उद्याच्या कारची जागा गेली. काका तीन-चार दिवस गप्प होते. नंतर त्यांनीच नकाशावाल्याला फोन करून कपाट भिंतीत घेता येईल का ते विचारले. त्यात काकूचीही खोली लहान झाली, हे मला अजून खटकते. ती म्हणते, "मी दिवसभर तिथं असते कुठं?" हे वाक्य त्याग की सवय, माझी कसोटी इथेही लावायला हवी, आणि मी लावली तर उत्तर मला फारसे आवडणार नाही. दादूला वरचा मजला होईपर्यंत हॉलमध्येच झोपायचे आहे. त्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "नाही चालणार." त्याचे बरोबर आहे. तरी सध्या तेवढेच जमते, आणि निदान ते त्याला तोंडावर सांगितले आहे.

सध्या जोते झाले आहे आणि विटा आल्या आहेत. आता वाद खिडकीचा आहे. खिडकीची खालची पट्टी मिस्त्री नेहमी तीन फुटांवर घेतात. पलंगावर आडवे असताना तेवढ्या उंचीवरून फक्त आभाळ दिसते. मिस्त्री अडीचपर्यंत उतरले आहेत. आजी दोन फुटांवर अडून बसली आहे.